अनोळखी शब्द आणि सरळ डाव : ‘द टेन्टेड कप’ या कादंबरीविषयी

आज आम्ही ज्या कादंबरीविषयी बोलणार आहोत तिच्याबद्दल वाचकांची एक तक्रार ठरलेली असते. पहिल्या तीस-चाळीस पानांत इतके नवे शब्द अंगावर येतात की पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. कादंबरीचं नाव ‘द टेन्टेड कप’. लेखक रॉबर्ट जॅक्सन बेनेट, अमेरिकन. पुस्तक 2024 साली आलं आणि 2025 साली त्याला सर्वोत्तम कादंबरीचं ह्यूगो पारितोषिक मिळालं. म्हणजे तक्रार करणारेही पुष्कळ आणि डोक्यावर घेणारेही पुष्कळ. आज आम्हाला पाहायचंय ते एवढंच, की हे शब्द या कादंबरीत नेमकं काय काम करतात. ते नुसते दागिने आहेत की कथेचा सांगाडाच त्यांच्यावर उभा आहे?

एक सूचना आधीच. रहस्यकथेवर बोलायचं तर रहस्याला हात लावावाच लागतो. खुनी कोण, ते आम्ही नावानिशी सांगणार नाही. पण खुनामागचं कारण सांगितल्याशिवाय आमचा मुद्दा पुरा होत नाही. ज्यांना कोऱ्या मनाने वाचायचंय त्यांनी इथे थांबलेलं बरं.

कथा थोडक्यात अशी. खानुम नावाचं एक साम्राज्य आहे. त्याची रचना एकात एक वर्तुळांची, प्रत्येक वर्तुळाला तट. मधल्या वर्तुळात सत्ता आणि श्रीमंती, बाहेरच्या कडेला समुद्र. दर पावसाळ्यात त्या समुद्रातून डोंगराएवढे प्राणी किनाऱ्याकडे येतात. त्यांना लेव्हायथन म्हणतात. त्यांना थोपवायला किनाऱ्यावर अवाढव्य भिंत बांधलेली आहे, आणि ती भिंत टिकवणं हेच साम्राज्याचं खरं काम. सगळे कर, सगळी खाती, सगळी हुशार माणसं शेवटी त्या भिंतीच्या कामी लागतात. अशा या राज्याच्या कडेला, दारेताना नावाच्या कँटनमध्ये, म्हणजे प्रांतात म्हणा, हाझा या बड्या घराण्याच्या बंगल्यात एक माणूस मेलेला सापडतो. हा ब्लास, इंजिनिअर खात्यातला मोठा अधिकारी. मरण कसं? त्याच्या शरीराच्या आतून झाड उगवलंय. देह फोडून फांद्या छतापर्यंत गेल्यात.

तपासाला येतो डिनिऑस कोल, म्हणजे डिन. वयाने लहान, हुद्द्यानेही लहान. त्याची वरिष्ठ ॲना डोलाब्रा घराबाहेर पडत नाही आणि बहुतेक वेळ डोळ्यांवर पट्टी बांधून बसते, कारण जगातलं फार काही एकदम डोळ्यांत शिरलेलं तिला सोसत नाही. डिनने पाहायचं, आठवायचं, परत येऊन सांगायचं. ॲनाने ऐकायचं आणि उलगडायचं. होम्स-वॉटसन जोडीचं हे रूप, पण त्याहून जास्त रेक्स स्टाउटच्या निरो वुल्फ आणि आर्ची गुडविनचं. घरात बसलेला मेंदू आणि बाहेर फिरणारे डोळे.

आता मूळ प्रश्न. रहस्यकथा हा वाचक आणि लेखक यांच्यातला खेळ आहे असं आपण मानतो, आणि खेळ म्हटला की नियम आलेच. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहीत असे, 1929 साली दहा नियम मांडले. त्यांतले दोन आज आपल्या कामाचे. एक, गोष्टीत दैवी किंवा अमानवी शक्ती आणायची नाही. दोन, कुणाला माहीत नसलेलं विष वापरायचं नाही, आणि शेवटी लांबलचक शास्त्रीय खुलासा करावा लागेल असं साधनही नाही. कारण उघड आहे. पत्ते वाटणाऱ्याने ऐनवेळी बाहीतून पाचवा एक्का काढला, तर समोरच्याने खेळायचंच कशाला?

बेनेटच्या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात हे नियम मोडलेले आहेत. माणसाच्या आतून झाड उगवणं, हे आपल्याला माहीत नसलेलंच विष आहे. त्याचं नाव डॅपलग्लास, तेही लेखकाने घडवलेलं. मग हा डाव सरळ कसा?

हा पेच जुना आहे. आयझॅक आसिमॉव्हने लिहून ठेवलंय की जॉन कॅम्पबेल या संपादकाचं मत असं होतं, विज्ञानकथेत रहस्यकथा जमणारच नाही, कारण गुप्तहेर केव्हाही खिशातून नवं यंत्र काढून गुंता सोडवू शकतो. आसिमॉव्हने ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ लिहून त्याला उत्तर दिलं. त्यात यंत्रमानवांचे नियम आधी सांगितले आणि मग त्यांच्या चौकटीतच खून बसवला. पुढे रँडल गॅरेटने ‘टू मेनी मॅजिशियन्स’मध्ये जादू चालणारं जग घेतलं, पण जादूलाही पदार्थविज्ञानासारखे कायदे लावले. दोघांची युक्ती एकच. जग कितीही वेगळं असो, त्याचे नियम खुनाआधी वाचकाच्या हाती द्यायचे.

पण नियम द्यायचे कसे? पानभर माहिती ओतली तर गोष्ट मरते, आणि माहिती लपवली तर फसवणूक होते. आमचं म्हणणं असं, की बेनेटने यावर शोधलेला मार्ग म्हणजे शब्द. त्याचा प्रत्येक नवा शब्द हा एक छोटा करार आहे. लेखक म्हणतो, या नावाची वस्तू या जगात आहे, ती असं वागते, पुढे मी तिला वेगळं वागू देणार नाही.

या शब्दांचे आम्ही तीन ढीग केले आहेत.

पहिला ढीग घरातल्या वस्तूंचा. किर्पिस नावाची अळंबी असतात, त्यांच्यामुळे खोली गार राहते. फर्नपेपर म्हणून एक कागद असतो, भूकंपाच्या भागात घरांच्या भिंती आणि दारं त्याची करतात, पांढरीशुभ्र. पहिल्यांदा वाचताना हे सगळं नेपथ्य वाटतं. लेखकाने मंच सजवलाय, चार विचित्र झाडं ठेवली आहेत, आपण मान डोलावून पुढे जातो. आणि नेमकं तिथेच तो आपल्याला गाठतो. ब्लासच्या खोलीतल्या फर्नपेपरचे काही तुकडे बदललेले आहेत, ही गोष्ट डिन इतर शंभर तपशिलांबरोबर सांगून जातो आणि ॲना त्याच्यावर बोट ठेवते. म्हणजे पुरावा आपल्या नाकासमोर होता, फक्त सजावटीच्या वेषात. जुन्या इंग्रजी रहस्यकथेत हे काम टेबलावरचा चहाचा कप करायचा, नाहीतर बंद पडलेलं घड्याळ करायचं. कप कुणाला विचित्र वाटत नाही म्हणून तो लपतो. इथे उलट आहे. सगळंच विचित्र असल्यामुळे एक विचित्र गोष्ट दुसरीच्या मागे लपते. शब्दांची ती गर्दी, जिच्याबद्दल आपण कुरकुरतो, ती पुरावा लपवायची जागा आहे.

दुसरा ढीग खात्यांचा आणि हुद्द्यांचा. साम्राज्याची खाती म्हणजे इयालेट. न्यायाचं खातं इयुडेक्स, औषधं आणि वनस्पती पाहणाऱ्यांना अपॉथ म्हणतात, शिवाय इंजिनिअर आणि लष्कर. हुद्दे सिग्नम, कॅप्टन, इम्युनिस, कमांडर असे चढत जातात. हे शब्द पूर्ण बनावट नाहीत हे लक्षात घ्या. इयुडेक्स हा लॅटिनमध्ये न्यायाधीश. इम्युनिस हा रोमन सैन्यातला असा सैनिक, ज्याला अंगच्या खास कसबामुळे खड्डे खणण्यासारख्या कामांतून सूट असे. इंग्रजी वाचकाला या शब्दांचा अर्धा अर्थ कानावरूनच लागतो आणि उरलेला अर्धा वापरातून कळतो. यात बेनेटचा हिशेब पक्का आहे. अगदी नवा शब्द नुसताच आवाज राहतो, अगदी जुना शब्द नवं जग उभं करत नाही. अर्धवट ओळखीचा शब्द दोन्ही करतो.

तिसरा ढीग माणसांच्या शरीरांचा, आणि आमच्या मते हाच सगळ्यांत महत्त्वाचा. या राज्यात माणसाला कामापुरतं बदलतात. अशा बदललेल्या माणसांना सब्लाइम म्हणतात. ॲक्सिअम म्हणजे आकडेमोडीसाठी घडवलेला, लिंग्वा भाषांसाठी, स्पॅशिअस्ट जागेच्या अंदाजासाठी. आणि डिन हा एन्ग्रेव्हर. तो जे पाहतो, ऐकतो ते विसरत नाही. त्याच्याकडे अत्तरांच्या कुप्यांसारख्या छोट्या बाटल्या असतात. पाहताना एक वास घ्यायचा, नंतर तोच वास घेतला की सगळं जसंच्या तसं परत.

रहस्यकथेच्या दृष्टीने हा एन्ग्रेव्हर म्हणजे नामी युक्ती आहे. वॉटसनबद्दल आपली कायमची शंका काय असते? त्याने सगळं पाहिलं का, पाहिलेलं सगळं सांगितलं का? डिनच्या बाबतीत ती शंकाच उरत नाही. त्याने पाहिलं ते त्याला आठवतंच, आणि गोष्ट तोच सांगतोय. म्हणजे ॲनाला जेवढं कळलं तेवढं आपल्यालाही कळलेलं आहे. नॉक्सला हवा असलेला सरळपणा इथे नियम म्हणून बाहेरून लादलेला नाही, तो पात्राच्या डोक्यातच बसवलाय.

पण लेखक तिथे थांबत नाही. काही विसरता न येणं हे वरदान की शिक्षा? कादंबरीत एक जुना, थकलेला एन्ग्रेव्हर आहे. आयुष्यभर पाहिलेले गुन्हे आणि प्रेतं त्याच्या मनातून हलत नाहीत. आणि डिनचं स्वतःचं एक गुपित आहे. त्याला वाचता येत नाही असं नाही, पण अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे स्थिर राहत नाहीत, आणि कागदावर चालणाऱ्या राज्यात नोकरी टिकवायची म्हणून तो हे लपवतो. सगळं आठवणारा माणूस, पण समोरचा हुकूम वाचताना घाम फुटणारा. एन्ग्रेव्हर हा शब्द आपण पहिल्या प्रकरणात एखाद्या पदवीसारखा वाचलेला असतो. शंभर पानांनंतर त्याच्या मागचा घाबरलेला, घरच्यांना पैसे पाठवणारा पोरगा दिसायला लागतो. शब्द तोच असतो, त्याचं वजन मात्र वाढलेलं असतं.

इथे जरा मराठीकडे वळतो. नवे शब्द म्हटले की आपण लगेच नाक मुरडतो, पण नवे शब्द घडवण्याचा आणि पचवण्याचा अनुभव आपल्या भाषेला चांगलाच आहे. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला. दरबारातल्या फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द देणारा. ते काम नुसतं शब्दांचं नव्हतं, राज्य कुणाचं हे सांगण्याचं होतं. सावरकरांनी घडवलेला महापौर आज कुणाला खटकतही नाही. दूरध्वनी मात्र पाटीवर राहिला आणि तोंडात फोनच बसला. म्हणजे शब्द रुजतो तो व्याख्येने नाही, रोजच्या कामाने रुजतो. ‘द टेन्टेड कप’ कुणी मराठीत आणायचं म्हटलं तर कस इथेच लागेल. एन्ग्रेव्हरला मराठीत जागा आहे, कारण मनावर कोरलं जाणं ही आपलीच बोली आहे. डॅपलग्लासमधला डॅपल म्हणजे ऊन-सावलीचे ठिपके, त्यासाठी कवडशाच्या जवळपास काही सुचू शकतं. पण इयुडेक्सचं न्यायखातं केलं की अर्थ येतो आणि लांबचा, परका, जरबेचा आवाज जातो. अनुवादकाला प्रत्येक शब्दापाशी ठरवावं लागेल, इथे अर्थ हवाय की अंतर हवंय.

आणि आता कादंबरीच्या गाभ्याकडे. ब्लासच्या खुनापाठोपाठ तालाग्रे या भिंतीजवळच्या शहरात तसेच आणखी मृत्यू होतात. एकाच वेळी दहा इंजिनिअर. त्यांतले काही भिंतीतच असतात, त्यामुळे भिंतीला भगदाड पडतं, आणि लेव्हायथन आत येतो. आतापर्यंत जो खून होता ती राष्ट्रीय आपत्ती होते. तपास मागे मागे जात एका नावाशी थांबतो. ते नाव ऑयपॅट.

ऑयपॅट हा एक कँटन होता. होता, कारण काही वर्षांपूर्वी डॅपलग्लासने तो गिळून टाकला. हे नाव आपल्याला सुरुवातीलाच कळलेलं असतं. डॅपलग्लास म्हणजे काय हे सांगताना उदाहरण म्हणून येतं, कोशातल्या नोंदीसारखं. आपण त्याला आणखी एक परिभाषेतला शब्द समजून बाजूला ठेवतो. नंतर कळतं की तिथे माणसं होती, आणि त्यांतली काही वाचून बाहेर पडली. आणि मग कळतं की डॅपलग्लासवर उपाय होता. तो लागणाऱ्या वनस्पती इतर कँटनांत वाढवायच्या होत्या. त्या कँटनांनी हरकती घेतल्या. आपल्या जमिनीला धोका आहे का ते तपासू द्या, अमुक परवानगी बाकी आहे, तमुक अर्जाचा निकाल लागायचाय. कागद फिरत राहिले आणि कँटन संपला. त्या हरकतींच्या मागे हाझा घराण्याचा हात होता, त्यांच्या जमिनींच्या किमतीपायी. उपाय त्यांच्या हाती होता आणि त्यांनी तो दाबून ठेवला.

हे कळल्यावर आधीच्या सगळ्या परिभाषेकडे आपण वेगळ्या नजरेने पाहतो. इयालेट, कँटन, इम्युनिस, परवाना, अहवाल ही या राज्याची भाषा आहे. याच भाषेने भिंत उभी ठेवली. लाखो लोकांना दर पावसाळ्यात जिवंत ठेवणारी शिस्त याच शब्दांत बोलते. आणि याच भाषेत, एकाही नियमाचा भंग न होता, एक अख्खा प्रांत मरू दिला गेला. कुणी कुणाला ठार मारलं नाही, फक्त फायली पुढे सरकल्या नाहीत. खून करणारे जे आहेत ते या दुसऱ्या खुनाचा सूड घेतायत, ज्याची कुठल्याही दप्तरात खून म्हणून नोंदच नाही.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे लेखक सरकारी कारभारावर टीका करतोय. आम्हाला ते तेवढं सोपं वाटत नाही. बेनेटला नोकरशाहीचा तिटकारा नाही. उलट भिंतीची डागडुजी करणारा, चिखलात उभा असलेला, नाव न होणारा माणूस त्याला प्रिय आहे. त्याचा राग नियमांवर नाही, नियम विकत घेणाऱ्यांवर आहे. ॲना आणि डिन स्वतः त्याच यंत्रणेचे नोकर आहेत आणि शेवटपर्यंत नोकरच राहतात. ते खुन्यालाही पकडतात आणि हाझांच्या पापाचाही छडा लावतात. पण दोन्हींना सारखी शिक्षा होते का? सूड घेणाऱ्याला पकडणं हा न्याय आहे का, जेव्हा मूळ गुन्हेगाराला पकडायला खात्याला वर्षानुवर्षं जमलं नाही? हा प्रश्न कादंबरी सोडवत नाही, डिनच्या खांद्यावर ठेवते. त्याला जे दिसलं ते तो विसरू शकत नाही, एवढंच आपल्याला ठाऊक असतं.

आता उणिवांविषयीही बोलू. पहिली म्हणजे माणसांच्या, गावांच्या आणि घराण्यांच्या नावांची दाटी. वस्तूंचे शब्द पुराव्याचं काम करतात म्हणून आम्ही त्यांची बाजू घेतली, पण प्रत्येक नावाला तसं काम नाही. तालाग्रेमध्ये एकामागून एक अधिकारी येतात आणि काही काळ आपण त्यांना हुद्द्यावरून ओळखतो, चेहऱ्यावरून नाही. दुसरी, उत्तरार्धात शरीरांतले काही बदल त्यांची गरज पडायच्या जेमतेम आधी समजावले जातात. करार मोडत नाही, पण सहीची शाई ओली असते. तिसरी आणि मोठी उणीव हाझांची. ज्या कादंबरीत प्रत्येक खात्याला दोन बाजू आहेत, तिथे हे घराणं मात्र सरळ खलनायकाचं. त्यांची लोभी बाजू दिसते, त्यांना स्वतःबद्दल काय वाटतं ते दिसत नाही. ऑयपॅटच्या मरणात साध्या, सज्जन, घाबरट अधिकाऱ्यांचा वाटा किती होता, हा जास्त अवघड प्रश्न त्यामुळे थोडा झाकला जातो.

आणि लेव्हायथन? ते फारसे दिसत नाहीत. काहींना ही निराशा वाटते, आम्हाला नाही. भिंतीपलीकडचा राक्षस सगळ्यांना मान्य असलेला शत्रू आहे. त्याच्याकडे बोट दाखवून भिंतीआतलं काहीही खपवता येतं. लेखक त्याला मागे ठेवतो आणि आपली नजर आतल्या बंगल्यावर ठेवतो, हे बरोबरच केलंय.

शेवटी, जे वाचायला घेणार आहेत त्यांना दोन गोष्टी सांगतो. एक, शब्दांची यादी करत बसू नका. दोन-तीनदा वापरात आला की शब्द आपोआप बसतो, नव्या गावात राहायला गेल्यावर गल्ल्या बसतात तसा. दोन, एखादी वस्तू विनाकारण वर्णन केल्यासारखी वाटली तर तिथे जरा रेंगाळा. या मालिकेतली पुढची कादंबरी ‘अ ड्रॉप ऑफ करप्शन’ 2025 साली आली आहे, तिच्याकडे नंतर वळता येईल. आणि ज्यांना याच लेखकाचं आधीचं काम पाहायचंय त्यांनी 2014 सालची ‘सिटी ऑफ स्टेअर्स’ घ्यावी. तिथेही गोष्ट खुनापासून सुरू होते, पण मेलेला माणूस इतिहासकार आहे, आणि त्याने कुठला इतिहास वाचला हाच खुनाचा मुद्दा आहे.

‘द टेन्टेड कप’ वाचून झाल्यावर एकदा पहिली चाळीस पानं परत वाचा. तेव्हा अडलेले शब्द आता अडणार नाहीत. आणि ऑयपॅट हे नाव जिथे पहिल्यांदा सहज येऊन जातं, तिथे आपण किती पटकन पुढे गेलो होतो, तेही दिसेल.

आता श्रोत्यांचे प्रश्न घेऊ.